बावीस आठवडे तीन दिवस

प्रसूतिगृहाच्या तळमजल्यावर, औषधांच्या खोलीला लागून, एक अरुंद खोली आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक पंखा. इथे गेली एकोणीस वर्षं एक बाई बसतात. पगारपत्रकावर त्यांचा हुद्दा 'संगणक साहाय्यक' असा आहे. आयांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना खात्रीबाई म्हणतात. कुणी काहीही सांगितलं की त्यांचं पहिलं वाक्य असतं, "खात्री केली का?" कँटीनवाल्याने आज चहा ताजा आहे म्हटलं तरी हेच.

त्या मूळच्या टायपिस्ट. टाइपरायटर गेले तेव्हा बरोबरच्या दोघींनी नोकरी सोडली, यांनी पुस्तकं आणून प्रोग्राम लिहायला शिकून घेतलं. प्रसूतिगृहात नाव नोंदवणाऱ्या बाईची शेवटच्या पाळीची तारीख टाकायची, आजची तारीख कॉम्प्युटरला माहीत असतेच, आणि मधलं अंतर आठवड्यांत काढून चिठ्ठीवर छापायचं, हा त्यांचा पहिला प्रोग्राम. सांगायला सोपा, लिहायला अवघड. कारण महिने सारखे नसतात. पहिल्या खेपेला त्यांनी सगळे महिने तीस दिवसांचे धरले होते आणि एका बाईच्या हिशेबात चार दिवस कमी पडले. मग त्यांनी वेगळी पद्धत घेतली. एक जुना दिवस पहिला धरायचा आणि तिथून पुढच्या प्रत्येक दिवसाला रांगेतल्या टोकनसारखा क्रमांक द्यायचा. दोन तारखांचे दोन क्रमांक, मोठ्यातून लहान वजा. लीप वर्षाचा एकोणतिसावा दिवसही त्या रांगेत आपसूक उभा राहतो. हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलचं टोक टेकवत त्यांनी अकरा दिवस पडताळून पाहिलं, आणि मगच प्रोग्राम सुरू होऊ दिला.

तेव्हापासून त्या वजाबाकीवर कुणी शंका घेतली नव्हती. ती घेतली गेली दहा ऑगस्टला, सकाळी साडेदहाच्या सुमारास.

खोलीत आधी एक पन्नाशीची बाई शिरली, तिच्यामागून पस्तिशीचा, उन्हाने रापलेला पुरुष. बाईच्या हातात आदल्या दिवशीची चिठ्ठी होती, पुरुषाच्या हातात पासपोर्ट.

"तुम्हीच ना कॉम्प्युटरवाल्या?" बाईने विचारलं. "हा कागद खरा का खोटा, तेवढंच सांगा. आम्ही लगेच जातो."

"कुणाचा कागद?"

"माझ्या भावजयीचा. हा माझा धाकटा भाऊ, तिचा नवरा. जहाजावर फिटर आहे."

"पेशंट कुठं आहे?"

"ती कशाला हवी?" फिटरच्या ताई म्हणाल्या. "तिला विचारून काय उपयोग?"

खात्रीबाईंनी चिठ्ठी घेतली. शेवटची पाळी पाच मार्च. तपासणीचा दिवस नऊ ऑगस्ट. गर्भाचे वय बावीस आठवडे तीन दिवस. फिटरने पासपोर्टचं एक पान उघडून टेबलावर ठेवलं. शिक्का चोवीस मार्चचा होता.

"पाच महिने मी बाहेर होतो," तो म्हणाला. आवाज शांत होता. "चोवीस मार्चला दुपारी उतरलो, संध्याकाळी घरी. त्या दिवसापासून कालपर्यंत एकशे अडतीस दिवस. एकोणीस आठवडे, पाच दिवस. फोनवर तीनदा मोजलं. तुमचा कागद म्हणतो बावीस आठवडे तीन दिवस. मी उतरायच्या एकोणीस दिवस आधीपासून हे मूल आहे."

"हॉस्पिटलची चूक असेल तर हॉस्पिटलने तसं लिहून द्यावं," ताई म्हणाल्या. "आणि चूक नसेल तर आमच्या घरात काय चाललंय ते आम्हाला कळलं. झाकली मूठ आता उघडलीच म्हणायची."

खात्रीबाईंना असे लोक नवे नव्हते. वजनावरून, रक्तगटावरून भांडायला येणारे त्यांनी पाहिले होते. त्यांनी खुर्च्यांकडे बोट दाखवलं. कुणी बसलं नाही.

"वय शेवटच्या पाळीपासून मोजतात," त्या म्हणाल्या. "जगभर. कारण बाईला तेवढी एकच तारीख ठाऊक असते. मूल नेमकं कधी राहिलं ते कुणालाच ठाऊक नसतं. ते साधारण त्यानंतर दोन आठवड्यांनी राहतं. म्हणजे चिठ्ठीवरच्या आकड्यात पहिले चौदा दिवस मूल नसतानाचे असतात."

"नसलेल्या मुलाचं वय मोजता तुम्ही?" फिटर म्हणाला.

"हो."

"ऐकावं ते नवलच," ताई भावाकडे वळल्या. "पोटात यायच्या आधीच पोर दोन आठवड्यांचं!"

पण फिटरच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला होता. तो खुर्चीवर टेकला. फोन काढला, आकडे टाकले आणि पुन्हा ताठ झाला.

"एकोणीसातून चौदा गेले. पाच उरले."

"पाच दिवसांचा फरक पडतो. प्रत्येकीचं शरीर वेगळं. डॉक्टरांना विचारा."

"विचारलं. त्या म्हणाल्या, निसर्ग काय घड्याळ लावून चालतो का, पाच दिवस म्हणजे काहीच नाही. आणि गेल्या." त्याने चिठ्ठीची घडी घातली. "बाई, मी इंजिनवर काम करतो. एक सूत इकडचं तिकडे झालं की तेल गळतं. पाच दिवस म्हणजे काहीच नाही असं मला कुणी शिकवलेलं नाही. काहीच नसेल तर चिठ्ठीवर 'तीन दिवस' कशाला छापलेत?"

एक सप्टेंबरला आपण पुन्हा जहाजावर जाणार, त्याआधी हे निकालात निघालं पाहिजे, नाहीतर बायको घरात राहणार नाही, असं सांगून तो उठला. ताई दारातून म्हणाल्या, "एवढी मशिनं घेऊन बसलात, आणि उत्तर काय, तर साधारण!"

ते गेल्यावर खात्रीबाईंनी दार लावून घेतलं. त्यांचा पहिला संशय स्वतःच्या प्रोग्रामवर होता. त्यांनी ती वजाबाकी हाताने केली. पाच मार्च वर्षातला चौसष्टावा दिवस, नऊ ऑगस्ट दोनशे एकविसावा. मधलं अंतर एकशे सत्तावन्न. भागिले सात, बावीस, बाकी तीन. दिवस आणि महिना उलटे तर पडले नाहीत ना, तेही पाहिलं. प्रोग्राम बरोबर होता.

त्यांचा दुसरा संशय त्या मुलीवर, फिटरच्या बायकोवर, होता. पुढे हे त्यांनी स्वतःहून कबूल केलं, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा हलला नाही. संध्याकाळी घरी भाजी निवडताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "त्या पोरीचं काही खरं वाटत नाही." नवरा शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला, थट्टेखोर माणूस.

"तुला खरं कुणाचं वाटतं?" तो म्हणाला. "तीस वर्षं झाली लग्नाला. अजून मी दूध आणलं की तू पिशवीवरची तारीख बघतेस."

"दोनदा शिळं आणलं होतंत."

"एकदा! आणि तेही लग्नाआधी, तुझ्याच घरी!"

दुसऱ्या दिवशी त्यांना तिसरा संशय आला. वजाबाकीत दोन आकडे असतात. आजची तारीख यंत्र स्वतः घेतं. दुसरी कोण घालतं?

ती घालतात खिडकीवाल्या काकू. नावनोंदणीच्या खिडकीत त्या बावीस वर्षं बसतात, खात्रीबाईंच्याही आधीपासून. खात्रीबाईंनी प्रोग्रामला एक नवीनच प्रश्न विचारला: चार वर्षांत जेवढ्या बायकांची नोंद झाली, त्यांत महिन्याच्या कोणत्या तारखेला किती पाळ्या आल्या? नोंदी सहा हजार तीनशे अठरा होत्या. सगळ्या तारखांना सारखं दान पडलं असतं तर प्रत्येकीच्या वाट्याला दोनशेच्या आसपास यायला हव्या होत्या. बारा तारखेला निघाल्या एकशे चार. अठराला अठ्ठ्याण्णव. आणि पाच तारखेला एक हजार बारा, पंधराला तेराशे चव्वेचाळीस, पंचवीसला नऊशे सदुसष्ट. निम्म्याहून जास्त बायका त्या तीनच तारखांवर गोळा झाल्या होत्या.

खात्रीबाईंनी तो कागद छापला आणि दुपारी खिडकी बंद झाल्यावर काकूंच्या पुढ्यात ठेवला.

"काकू, या बायकांना पाळी तुमची परवानगी घेऊन येते का?"

काकूंनी चष्मा चढवून आकडे पाहिले. त्या मुळीच दचकल्या नाहीत. "बरोबर आहे की. पाच, पंधरा, पंचवीस."

"बरोबर?"

"अगं, समोर चाळीस जणींची रांग. मी विचारते, शेवटची पाळी कधी? एक सांगते, दिराच्या घराचं छप्पर गळलं त्या आठवड्यात. एक सांगते, मोठ्याची परीक्षा संपली त्याच्या आधी, नाही, नंतर. एकीनं तर सांगितलं, कुत्रं चावलं तेव्हा. तुझ्या त्या मशिनमध्ये कुत्र्याची जागा आहे का? ते तारीखच मागतं, तारीख दिल्याशिवाय पुढं सरकत नाही. मग मी विचारते, महिन्याच्या सुरुवातीला, मध्ये की शेवटी? पहिल्या दहात असेल तर पाच. मधलं असेल तर पंधरा. शेवटचं असेल तर पंचवीस. मधोमध धरायचं, म्हणजे चुकलं तरी पाच-सहा दिवसांच्या वर चुकत नाही. रजिस्टर होतं तेव्हापासून असंच करते. तेव्हा तर मोठ्या डॉक्टरांनी माझं कौतुक केलं होतं."

"आणि एखादीनं नऊ किंवा दहा असं सांगितलं तर?"

"नऊ की दहा, असं चाचरली की मी ओळखते, हिला नक्की ठाऊक नाही. पहिल्या दहात. पाच."

"चाचरणारीला नक्की ठाऊक नसतं?"

"खिडकीत मागच्या चाळीस जणी ऐकत असताना तू चाचरणार नाहीस?" काकू म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच उमगलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बरं. पण तू मला कधी विचारलंस का, की काकू, ही तारीख कशावरून? जगाला खात्री विचारत फिरतेस. माझ्या खिडकीत कधी आली होतीस?"

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. काकूंची रीत जुनी आणि तिच्या जागी समंजस होती. रजिस्टरच्या काळात डॉक्टर महिने मोजत. पाचव्याच्या जागी साडेपाचवा असता तरी कुणाचं बिघडत नसे. आठवडे आणले ते कॉम्प्युटरने. आणि दिवस आणले खात्रीबाईंनी. दोन वर्षांपूर्वी चिठ्ठीचा नमुना बदलताना डॉक्टरांनी म्हटलं होतं की आठवडे पुरेत. भागाकारानंतरची बाकी आपल्याकडे येतेच आहे, मग छापायला काय जातं, म्हणून खात्रीबाईंनी ती एक ओळ प्रोग्राममध्ये वाढवली होती. अंदाजाने घातलेल्या तारखेवर नेमक्या दिवसाचा शिक्का मारणारी ती ओळ त्यांची स्वतःची होती. फिटरच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं, पण ते देऊन त्या मुलीचं काम होणार नव्हतं. चिठ्ठीवरचे पाच दिवस काकूंचे असू शकतात, एवढंच सिद्ध झालं होतं. आहेतच, हे नव्हे.

तेरा ऑगस्टला त्यांनी फिटरच्या बायकोला फोन करून बोलावलं. नोंदीत शंका आहे, येऊन जा, असं सांगितलं.

ती सकाळच्या तुकड्या संपवून आली. उंच, रुंद खांद्यांची, ओले केस मागे घट्ट बांधलेली. ती सार्वजनिक तलावावर बायकांना पोहायला शिकवते. तिच्या विद्यार्थिनी तिला मासोळी म्हणतात. ती आत आली आणि उभी राहूनच बोलली.

"शंका नोंदीत आहे की माझ्यात?"

"दोन्हीकडे असू शकते," खात्रीबाई म्हणाल्या. "बसा."

"वन्सं येऊन गेल्या ना? आणि हाही. मला काही सांगितलं नाही, पण चार दिवस घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. काल तर वन्संनी माझ्यादेखत कॅलेंडर उतरवून स्वतःच्या खोलीत नेलं. पुरावाच जसा!" ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. "मी खिडकीत काय सांगितलं होतं ते मला पक्कं आठवतंय. मी म्हटलं—"

"तारीख सांगू नका."

"का?"

"कारण कुठली तारीख सोयीची आहे ते आता तुमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही आज जी सांगाल तिला कुणी विचारणार नाही. मीसुद्धा नाही."

मासोळीचा चेहरा लाल झाला. "मग बोलावलंत कशाला? हेच ऐकवायला?"

"मला तेव्हा लिहिलेलं काही हवं आहे. मार्चमध्ये. कुणाला कशाचीच गरज नव्हती तेव्हा, तुमच्या हातचं किंवा दुसऱ्या कुणाच्या. डायरी, औषधाचं बिल, काहीही."

"मी डायरी लिहिणाऱ्यातली वाटते का तुम्हाला?"

ती उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली. मग परत येऊन खुर्चीवर बसली.

"तलावाचं रजिस्टर आहे," ती सावकाश म्हणाली. "आम्हाला रोज लिहावं लागतं. कितव्या तुकडीत किती जणी आल्या, आणि आपण पाण्यात उतरून शिकवलं की काठावरून. खोल पाण्याच्या दिवशी शिकवणारी काठावर असेल तर पाण्यात दुसरं कुणीतरी हवं, असा नियम आहे. त्यामुळे ते लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. आम्ही तिघी 'काठ' कधी लिहितो ते आमच्या मॅनेजरलासुद्धा माहीत आहे. तो बिचारा त्यावर कधी बोलत नाही, फक्त सही करतो."

"हे नवऱ्याला सांगितलंत?"

"त्यानं विचारलं का? त्यानं पासपोर्ट काढला." तिने पर्स मांडीवर घेतली. "सहा वर्षं झाली लग्नाला. त्यातली अर्धी तो पाण्यावर. मी कधी त्याला विचारलं नाही, अमुक बंदरात जहाज चार दिवस थांबलं होतं, तू काय करत होतास? विचारायला मलाही येतं. रजिस्टरचा फोटो मी तुम्हाला पाठवते. पण तो हॉस्पिटलच्या कागदासाठी. तारीख पुढं मागं असेल तर बाळंतपणाची वेळही चुकेल, ते मला नको आहे. त्याच्यासाठी नाही. त्याला तुम्ही काही दाखवायचं नाही."

"चिठ्ठी पेशंटच्याच हातात देतो आम्ही," खात्रीबाई म्हणाल्या.

फोटो तासाभरात आला. दहा मार्च, काठ. अकरा, बारा, तेरा, काठ. चौदापासून पाण्यात. खात्रीबाईंनी तो मोठा करून पाहिला, दोनदा पाहिला, आणि चौदा ऑगस्टला सकाळी ऑफिसला जाण्याआधी तलावावर गेल्या.

पाण्यातल्या क्लोरीनचा वास नाकात जात होता. मॅनेजरने त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं आणि तो घाईने उठला. "पाण्याची तपासणी मागच्याच आठवड्यात झाली, मॅडम. रिपोर्ट आहे माझ्याकडे."

"मला पाणी नको. महिला तुकड्यांचं रजिस्टर दाखवा."

"त्यात काय निघालं?"

"निघालं काही नाही. बघायचं आहे."

त्याने रजिस्टर दिलं आणि तो दारात उभा राहून त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिला. खात्रीबाईंनी मार्चचं पान काढलं. फोटोत होतं तेच. दर शनिवारी खाली मॅनेजरची सही, ओळींमध्ये कुठे कोरी जागा नाही, खाडाखोड नाही. तीन वेगवेगळ्या पेनांनी, तीन बायकांच्या अक्षरात एकाखाली एक. तेवढ्यावर काम झालं होतं. तरी त्यांनी पानं मागे उलटली. फेब्रुवारीत तिचा काठ नऊला सुरू झाला होता. जानेवारीत बाराला. बारा जानेवारी ते नऊ फेब्रुवारी अठ्ठावीस दिवस, नऊ फेब्रुवारी ते दहा मार्च एकोणतीस. मग पुढे उलटली. एप्रिलचं सगळं पान पाण्यात.

अनोळखी मुलीचे चार महिने त्यांनी टेबलावर उघडे पाडले होते, आणि तिने त्यांना फक्त एक पान दाखवलं होतं. त्यांनी रजिस्टर मिटवलं.

"झाली खात्री?" मॅनेजर म्हणाला. त्याला त्यांचं टोपणनाव माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

पुढचे दोन दिवस त्या प्रोग्रामवर बसल्या. तारखेच्या शेजारी एक नवा रकाना आला, 'आधार'. त्यात तीनपैकी एक लिहायचं: नोंद, आठवण किंवा अंदाज. पहिलं असेल तरच चिठ्ठीवर दिवस छापले जातील. दुसरं असेल तर फक्त आठवडे. तिसरं असेल तर आठवड्यांमागे 'सुमारे', आणि सोनोग्राफीचा आकडा आल्याशिवाय पुढची चिठ्ठी निघणारच नाही. काकूंनी नवा पडदा पाहून नाक मुरडलं. "कुत्रं चावलेलं कशात बसतं?" "आठवणीत," खात्रीबाई म्हणाल्या.

सोळा ऑगस्टला मासोळी चिठ्ठी घ्यायला आली. बरोबर फिटर होता. तो बोलावल्याशिवाय आला होता हे तिच्या चालण्यावरून कळत होतं; ती चार पावलं पुढे होती. खात्रीबाईंनी चिठ्ठी छापून तिच्या हातात दिली. तिने ती वाचली. शेवटची पाळी दहा मार्च. आधार, नोंद. गर्भाचे वय बावीस आठवडे पाच दिवस.

"काय आहे?" फिटरने विचारलं.

"तुला कशाला हवं?"

"मला कळायला नको?"

"कळून काय करणार?"

"अगं, मला फक्त..." तो थांबला. "ताई म्हणते—"

"वन्संचं राहू दे. तू काय म्हणतोस?"

तो तिच्या हातातल्या चिठ्ठीकडे बघत राहिला. तिने थोडा वेळ वाट पाहिली. खात्रीबाईंच्या म्हणण्यानुसार पुरेसा वेळ, प्रिंटरचा दिवा विझून यंत्र झोपेपर्यंत. मग तिने चिठ्ठी त्याच्यापुढे धरली.

"घे. वाच."

त्याने ती घेतली. वाचली. आणि खिशातून फोन काढून मोजायला लागला. दहा मार्च, चोवीस मार्च. चोवीस मार्च, सोळा ऑगस्ट. त्याचा अंगठा पडद्यावर चालत होता, ओठ हलत होते, आणि त्याची बायको त्याच्या अंगठ्याकडे बघत होती.

"बरोबर चौदा," तो म्हणाला. चेहरा एकदम मोकळा झाला. "जुळतंय! बरोबर जुळतंय गं!"

"झालं मोजून?"

"हो."

"मग ऐक. मी आईकडे जाते आहे. एक सप्टेंबरला अजून सोळा दिवस आहेत, तोपर्यंत वन्सं तुला जेवायला घालतील. बाळ झालं की कळवेन."

"अगं पण आता तर सगळं..."

"आता तर सगळं जुळलं," ती म्हणाली, "म्हणून. न जुळलेलं असताना तू एकदा जरी माझ्या बाजूनं बोलला असतास तर मी हा कागद फाडून टाकला असता."

ती चिठ्ठी त्याच्या हातातून घेऊन, पर्समध्ये टाकून निघून गेली. तिला पुन्हा तलावावर जायचं होतं. फिटर तिथेच उभा राहिला. खात्रीबाईंनी त्याला पाणी दिलं नाही, समजूत घातली नाही. त्यांच्यापुढे त्या दिवसाच्या बासष्ट चिठ्ठ्या होत्या.

जाण्याच्या आदल्या दिवशी तो एकटाच पुन्हा आला. त्याने दाढी केलेली नव्हती. आईकडच्या दारात आपल्याला चहा मिळाला, पण ती बाहेर आली नाही, असं त्याने सांगितलं. मग पंख्याकडे बघत त्याने विचारलं.

"एक विचारू? रागावू नका. ती नोंद होती ना, आधार म्हणून लिहिलेली. ती नंतर लिहिलेली नसेल कशावरून?"

खात्रीबाई आयुष्यभर हाच प्रश्न विचारत आल्या होत्या. समोरच्या माणसाच्या तोंडून तो ऐकताना कसं वाटलं, हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. त्याला त्यांनी एवढंच सांगितलं, "मी जाऊन बघून आले आहे. नंतर लिहिलेली नाही." त्याने मान हलवली, अगदी मनापासून आभार मानले. तेव्हा त्या म्हणाल्या, "मी बघायला गेले होते, हे तुमच्या बायकोला मी सांगितलेलं नाही. तिनं मला बघायला सांगितलं नव्हतं. तुम्ही आणि मी, दोघांनीही हे चोरून केलं. ते लक्षात ठेवा." तो गेला. दुसऱ्या दिवशी जहाजही गेलं.

मासोळीला मुलगी झाली ती सतरा डिसेंबरला, दुपारी बाराला पाच कमी असताना. तिला आणलं होतं आईने. तीनच्या सुमारास बाहेरगावचा फोन आला, आवाज तुटक येत होता. वॉर्डात फोन लागत नव्हता म्हणून कुणीतरी तो कॉम्प्युटरच्या खोलीत जोडून दिला होता.

"दोघी बऱ्या आहेत ना?" फिटर विचारत होता.

"बऱ्या आहेत."

"वजन? वजन किती?"

"तीन किलो शंभर."

पलीकडे खरखर झाली. त्याने तारीख विचारली नाही, वेळही नाही. भरल्या दिवसांच्या मुलाचं वजन किती असतं ते त्याने कुणाला आधीच विचारून ठेवलं असेल का, ही शंका खात्रीबाईंच्या मनात आलीच. आणखी काही विचारायच्या आधी फोन कटला.

संध्याकाळी घरी जाताना त्या वॉर्डात गेल्या. मासोळी उशाला टेकून बसली होती, मुलगी झोपली होती.

"तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता. तुमचा नंबर लागत नव्हता."

"काय विचारलं?"

"दोघी बऱ्या आहेत का, ते. मग वजन."

"वजन," ती म्हणाली. "मोजायची खोड काही जात नाही त्याची." तिने मुलीच्या अंगावरची दुलई सारखी केली आणि खिडकीबाहेर पाहिलं. खात्रीबाई वळल्या तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"पुन्हा आला तर मला द्या."